रक्ताच्या अहवालातील ‘सामान्य मर्यादा’ येते कोठून?

बंगळुरू – हिमोग्लोबिन किती खाली गेले म्हणजे रक्तक्षय झाला असे समजावे? प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र तितके साधे नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुरा कुरपाड आणि देशातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण पाहणीत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या शिरेतून रक्त घेण्यात आले होते. त्यांपैकी ज्यांना लोह, फोलेट वा बी-१२ची कमतरता नव्हती आणि ज्यांच्या शरीरात दाह नव्हता, अशा निरोगी मुलांचेच आकडे संशोधकांनी निवडले.

या मुलांवरून काढलेली रक्तक्षयाची सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या निकषापेक्षा सर्वच वयांत खाली आली. बहुतेक ठिकाणी हा फरक डेसिलिटरमागे १ ते २ ग्रॅम होता. संघटनेच्या निकषानुसार पाहणीतील ३० टक्के मुले रक्तक्षयग्रस्त ठरत होती, तर या निकषानुसार १०.८ टक्के. मुले तीच, रक्तही तेच. केवळ रेषा सरकली.

रेषा फार खाली ओढली तर खरोखर गरज असलेली मुले उपचारांतून निसटतील, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. संघटनेने २०२४ मध्ये निकषांचा फेरविचार केला, तेव्हा ६ ते २३ महिन्यांच्या बालकांची मर्यादा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ग्रॅम ही मर्यादा मात्र कायम ठेवली. बोट टोचून घेतलेल्या थेंबाऐवजी शिरेतील रक्त तपासावे, अशी शिफारसही तिने केली.

आपल्या हाती पडणाऱ्या अहवालातील बहुतेक मर्यादा याहूनही साध्या रीतीने ठरतात. निरोगी माणसांचा एक गट तपासून त्यातील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जेथे पडतात, तो पट्टा ‘सामान्य’ म्हणून छापला जातो. म्हणजे शंभरांतील पाच निरोगी माणसे पट्ट्याबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर धडधाकट माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. सवलतीत मिळणाऱ्या ‘संपूर्ण तपासणी’नंतर घरोघरी जी काळजी पसरते, तिचे मूळ पुष्कळदा या गणितात असते.

लोहाच्या बाबतीत फेरिटिन हा आकडा सर्वांत उपयोगी. निरोगी प्रौढात तो लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर साठा संपला असे समजतात. परंतु ताप, संसर्ग किंवा जुनाट दाह असताना फेरिटिन वाढते आणि कमतरता झाकली जाते. म्हणून अशा वेळी ७० ही मर्यादा धरतात. केवळ ‘सीरम आयर्न’ पाहून निष्कर्ष काढू नये. दिवसभरात ते वरखाली होते आणि गोळी घेतल्यावर काही तास फुगते. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी लहान, पण फेरिटिन उत्तम असे चित्र दिसल्यास थॅलेसेमियाचे वाहकत्व तपासावे लागते. तेथे लोहाच्या गोळ्या व्यर्थ ठरतात.

थायरॉईडच्या अहवालात टीएसएच उलट्या दिशेने बोलते, आणि अनेकांचा गोंधळ येथेच होतो. ग्रंथी मंदावली की मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी अधिक टीएसएच सोडते. त्यामुळे वाढलेला आकडा बहुधा कमी कामाची खूण असतो. टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ सामान्य असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे श्रेयस्कर, कारण कित्येकदा ते आपोआप खाली येते. दहाच्या वर गेल्यास डॉक्टर सहसा औषधाचा विचार करतात. गरोदरपणात मर्यादा वेगळ्या असतात. तेव्हा वाट पाहत बसू नये. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर हे आकडे चुकतात, म्हणून तपासणीपूर्वी त्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात.

स्त्रियांच्या संप्रेरकांना तारखेवाचून अर्थ नाही. एफएसएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तर प्रोजेस्टेरॉन पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी पाहतात. प्रोलॅक्टिन तर सुई टोचण्याच्या धास्तीनेही वाढते.

लोह आणि थायरॉईड यांचा परस्परसंबंधही लक्षात घ्यावा. थायरॉईडचे संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला लोह लागते. आणि लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली, तर ती तिचे शोषण अडवते. औषध नियमित चालू असूनही टीएसएच उतरत नसेल, तर मात्रा वाढविण्याआधी दोन्ही गोळ्यांत चार तासांचे अंतर राहते की नाही, हे पाहावे.