मनाची वेगळी ठेवण आणि लेखणी

व्यापारी घरात मुलाची पहिली पारख बहुधा दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देऊन बोलणे, चार जणांची मागणी एका वेळी ध्यानात ठेवणे, हातातले काम थांबवून दुसऱ्याला उत्तर देणे आणि पुन्हा पहिल्या कामाकडे वळणे, ही कौशल्ये ज्याला सहज साधतात तो हुशार ठरतो. ज्याला ती साधत नाहीत तो 'बेलक्ष', 'हेकट' किंवा 'मंद' ठरतो. एकदा लागलेले हे विशेषण पुढे शाळेत, नातेवाइकांत आणि विवाहाच्या बोलणीतही त्याची पाठ सोडत नाही.

अशा मुलांपैकी काहींच्या मनाची ठेवण जन्मतःच वेगळी असते. वैद्यकशास्त्राने त्या ठेवणीला दोन नावे दिली आहेत. एक स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. आणि दुसरी अवधान टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता, जी 'एडीएचडी' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या ठेवणीची काही माणसे लेखक झाली आणि त्यांनी आपले जगणे शब्दांत मांडले. ती कशी जगतात, कशी लिहितात आणि त्यांच्या घरांनी त्यांच्यासाठी काय केले, हे जाणून घेणे अशा प्रत्येक घराला उपयोगाचे आहे.

दोन ठेवणी, कधी एकाच मनात

1943 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेचे वर्णन वैद्यकीय जगापुढे आले. स्वमग्न व्यक्तीला बोलण्यातील गर्भित अर्थ, चेहऱ्यावरचे सूचक भाव आणि न सांगता पाळायचे सामाजिक संकेत सहज उमगत नाहीत. आवाज, प्रकाश, वास किंवा कपड्याचा स्पर्श यांची तीव्रता तिला असह्य होऊ शकते. ठरलेला क्रम मोडला की ती अस्वस्थ होते. मात्र आवडीच्या एखाद्या विषयात ती इतरांना थक्क करील इतकी खोल शिरते.

एडीएचडीविषयी मोठा गैरसमज असा की, या माणसांजवळ लक्षच नसते. वस्तुतः लक्ष असते. ते कोठे वळवावे यावरचा ताबा कमी पडतो. नवे, रंजक किंवा अगदी निकडीचे काम असेल तर असा माणूस तासन् तास खिळून राहतो. नीरस पण आवश्यक काम असेल तर ते सुरूच करू शकत नाही. वेळेचा अंदाज चुकतो, वस्तू हरवतात, दिलेला शब्द मनापासून दिलेला असूनही विस्मरणात जातो. घरच्यांना हा बेजबाबदारपणा वाटतो.

या दोन्ही गोष्टी मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यात काही तज्ज्ञांनी स्वमग्नतेचा दोष आईच्या कोरडेपणावर ठेवला होता. ती समजूत पुढे चुकीची ठरली. परंतु तोपर्यंत असंख्य मातांनी विनाकारण अपराधी भावना वाहिली. दुसरी समजूत तर अलीकडेपर्यंत टिकून होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार स्वमग्नतेचे निदान झालेल्या व्यक्तीला एडीएचडीचे वेगळे निदान देता येत नसे. 2013 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने हा अडसर काढला. आज अनेक व्यक्तींमध्ये दोन्ही एकत्र आढळतात, हे मान्य झाले आहे.

अशा मनाची ओढाताण विलक्षण असते. एका ठेवणीला ठरलेला क्रम हवा असतो, दुसरीला त्याच क्रमाचा चार दिवसांत कंटाळा येतो. एकीला शांतता हवी, दुसरीला नावीन्य. लेखकाच्या बाबतीत पहिली ठेवण विषयाची खोली देते आणि दुसरी कल्पनांचा ओघ. पण वही उघडून पहिले वाक्य लिहिण्याच्या क्षणी दोन्ही मिळून त्याची वाट अडवू शकतात.

चार ऋतूंची रोजनिशी

उत्तर आयर्लंडमधील डारा मॅकअनल्टी याचा जन्म 2004 चा. तो पाच वर्षांचा असताना त्याच्या स्वमग्नतेचे निदान झाले. त्याची आई, धाकटा भाऊ आणि बहीणही स्वमग्न आहेत. निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रातील शास्त्रज्ञ असलेले वडील तेवढे नाहीत. या मुलाला उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरेही कधी लिहिता येणार नाहीत, मग परिच्छेद जुळवणे दूरच, असे एका शिक्षकाने त्याच्या आईवडिलांना सांगितले होते. शाळेत त्याचा छळही झाला.

घरी मात्र त्याच्या ध्यासाला मोकळी वाट मिळाली. पक्षी, कीटक, शेवाळ, रानफुले यांविषयी तो अखंड बोलू शके आणि ऐकणारी माणसे घरातच होती. सुट्टीच्या दिवशी सारे कुटुंब जंगलात किंवा समुद्रकाठी जाई. गर्दीने आणि गोंगाटाने शिणलेले त्याचे मन तेथे विसावत असे. जे तोंडाने सांगणे कठीण, ते तो लिहू लागला. चौदाव्या वर्षी, 2018 च्या वसंतात सुरू झालेली रोजनिशी चार ऋतू चालली. त्याच काळात कुटुंबाने फर्मनॅ परगणा सोडून डाउन परगण्यातील मोर्न पर्वताच्या पायथ्याशी बिऱ्हाड हलवले. ओळखीच्या झाडांपासून तुटण्याची व्यथा आणि नव्या शाळेत हळूहळू मिळालेला आधार, दोन्ही त्या पानांत उतरले आहेत.

'डायरी ऑफ अ यंग नॅचरलिस्ट' हे त्याचे पुस्तक 2020 मध्ये लिटल टॉलर या छोट्या इंग्लिश प्रकाशनसंस्थेने काढले. त्याच वर्षी त्याला निसर्गलेखनाचा प्रतिष्ठेचा वेनराइट पुरस्कार मिळाला. तो मिळवणारा डारा सर्वांत लहान वयाचा लेखक ठरला. त्याच्या लेखनाचे बळ बारीक निरीक्षणात आहे. इतरांच्या कानांवरून निघून जाणारा पक्ष्याचा स्वर त्याला टाळता येत नाही. म्हणूनच वर्गातील कोलाहलही त्याला टाळता येत नाही. देणगी आणि यातना एकाच मुळाशी आहेत, हे या पुस्तकाच्या वाचकाला उमगते.

वर्गाबाहेरचे बाक

दुसरे उदाहरण ज्या लेखकाचे, त्याची पुस्तके शहरांतील अनेक नातवंडांच्या दप्तरांत सापडतील. 'कॅप्टन अंडरपँट्स' आणि 'डॉग मॅन' या मालिकांचे जनक डेव्ह पिल्की यांचा जन्म 1966 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे झाला. त्यांना लहानपणीच एडीएचडी आणि डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता, असल्याचे निदान झाले. चुळबुळ आणि खोड्या यांमुळे शिक्षक त्यांना वारंवार वर्गाबाहेर पाठवत. शेवटी त्यांचे बाकच बाहेरच्या मार्गिकेत ठेवण्यात आले. त्या बाकावर ते चित्रकथा काढत बसत. 'कॅप्टन अंडरपँट्स' हे पात्र त्यांना दुसरीत असतानाच सुचले. असली खुळचट पुस्तके काढत आयुष्य काढता येणार नाही, असे बजावून एका शिक्षिकेने त्यांची चित्रकथा फाडून टाकली होती.

आईवडिलांनी मात्र मुलगा काय वाचतो याची चिकित्सा केली नाही. तो वाचतो आहे यातच समाधान मानले. महाविद्यालयात असताना 1986 मध्ये एका स्पर्धेत त्यांच्या पुस्तकाला पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी ते छापले गेले. 'कॅप्टन अंडरपँट्स'चे पहिले पुस्तक 1997 मध्ये आले. पुढे या मालिकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. छोटी प्रकरणे, पानापानावर चित्रे आणि मोजके शब्द ही त्यांच्या पुस्तकांची बांधणी ज्यांचे मन एका ओळीवर ठरत नाही अशा मुलांना धरून ठेवते. ज्या अडचणीने त्यांना वर्गाबाहेर बसवले, त्या अडचणीची जाण त्यांच्या पुस्तकांच्या प्रत्येक पानात आहे.

उशिरा मिळालेले नाव

पिल्की आणि डारा यांना आपल्या ठेवणीचे नाव लहानपणीच कळले. ऑस्ट्रेलियातील हॅना गॅड्सबी यांना ते प्रौढ वयात कळले, आणि दोन्ही निदाने झाली. टास्मानिया बेटावरील लहानशा गावात वाढलेल्या गॅड्सबी यांनी कलेतिहासाची पदवी घेतली, परंतु नोकरी-व्यवसायात त्यांचा जम बसेना. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत काही काळ त्यांनी हलाखीत काढला. 2006 मध्ये विनोदी कथनाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या विजयी ठरल्या. 2018 मध्ये 'नॅनेट' या एकपात्री प्रयोगाचे चित्रण जगभर पोहोचले आणि 2022 मध्ये 'टेन स्टेप्स टू नॅनेट' हे त्यांचे आत्मकथन आले. निदानाने आयुष्याच्या अडचणी संपत नाहीत. पण इतकी वर्षे स्वतःला दिलेला 'आळशी' आणि 'विक्षिप्त' हा शिक्का पुसण्याची सोय होते.

लेखनाचा रोजचा हिशेब

ही नावे पाहून एक घाईचा निष्कर्ष निघू शकतो, तो म्हणजे अशा प्रत्येक मुलात एखादा लेखक दडलेला असतो. तसे नाही. असाधारण कौशल्य थोड्यांनाच लाभते. स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांना आयुष्यभर मदत लागते. काही जण बोलूही शकत नाहीत. त्यांचे मूल्य पुरस्कारावर ठरवणे म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय करणे होय.

ज्यांना लिहिता येते त्यांचाही रोजचा दिवस सोपा नसतो. अनेक स्वमग्न लेखकांना पुस्तक लिहिण्यापेक्षा प्रकाशनाच्या समारंभात चार अनोळखी माणसांशी बोलणे अधिक थकवणारे वाटते. इतरांसारखे दिसण्यासाठी दिवसभर केलेला अभिनय संध्याकाळी अंगावर येतो आणि दुसरा दिवस लेखनाविना जातो. एडीएचडी असलेल्या लेखकाजवळ सुरू केलेली दहा हस्तलिखिते असतात आणि पूर्ण झालेले एखादेच. त्याला जवळची मुदत, कामाचे छोटे तुकडे, समोर दिसणारे घड्याळ आणि शेजारी शांतपणे आपले काम करीत बसलेले माणूस यांचा उपयोग होतो. एडीएचडीसाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे उपलब्ध आहेत आणि त्यांचा अनेकांना लाभ होतो. स्वमग्नता दूर करणारे औषध मात्र नाही. तसा दावा करणाऱ्यापासून सावध राहावे.

लेखनातील उत्पन्नही अनियमित असते. मानधनाचे देयक पाठवणे, आलेली रक्कम तपासणे, कराचे विवरणपत्र मुदतीत भरणे, ही कामे अशा लेखकाच्या हातून हमखास मागे पडतात. येथे व्यापारी कुटुंबाजवळ एक मोलाची गोष्ट आधीच असते, ती म्हणजे हिशेबाची शिस्त. भावाने किंवा वडिलांनी महिन्यातून एक तास बसून त्याची खतावणी नीट ठेवली, तर त्याचे कितीतरी लेखनाचे दिवस वाचतात. हे उपकार नव्हेत. पेढीवर एक भाऊ खरेदी पाहतो आणि दुसरा वसुली, तशीच ही कामाची वाटणी आहे.

घराने काय करावे

पहिली गोष्ट, शंका आल्यास निदान टाळू नये. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. लग्नाच्या बाजारात नाव खाली जाईल या भीतीने कागद कपाटात दडवले जातात. परंतु निदान लपवल्याने अडचण लपत नाही, मदत तेवढी हुकते. विवाहानंतर उघड झालेले सत्य दोन घरांना दुखावते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख त्या यादीत नाही. मात्र दोन्ही निदाने असलेल्या मुलाला स्वमग्नतेच्या प्रमाणपत्राचा आधार घेता येतो. परीक्षेतील जादा वेळ किंवा लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी हे प्रमाणपत्र लागते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली सज्ञान झालेल्या स्वमग्न व्यक्तीसाठी गरजेनुसार कायदेशीर पालक नेमता येतो, आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याची तरतूद आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण आहे. डाराच्या घरात त्याचे बोलणे ऐकणारे होते; पिल्कींच्या घरात त्यांच्या वाचनाला हसणारे नव्हते. दोन्ही घरांनी मुलाला दुसऱ्या साच्यात बसवण्याऐवजी त्याला काम करता येईल अशी जागा दिली. एक शांत कोपरा, ठरलेली वेळ, न रागावता दिलेली आठवण आणि पाहुण्यांसमोर केविलवाणी तुलना न करण्याचा संयम, एवढे कोणत्याही घराला देता येते. त्यातून लेखक घडेलच असे नाही. घडला नाही तरी एक माणूस आपल्या घरात निर्धास्तपणे वावरू लागेल, आणि हा लाभ कोणत्याही पुरस्काराहून कमी मोलाचा नाही.