जंतूंच्या अंगावरची साखर

पावसाळा लागला की पुण्याच्या मंडईत आले, गवती चहा, लिंबू आणि ओली हळद यांना मागणी वाढते. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभ्या राहिलेल्या आणि आता महात्मा फुले यांचे नाव असलेल्या या बाजारात माणसे भाजीबरोबर थोडी 'प्रतिकारशक्ती'ही विकत घेऊ पाहतात. या समजुतीला एक खरा वाटणारा आधार मसाल्याच्या दुकानात सापडतो, तो म्हणजे चक्रफूल. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातच, ३ ऑगस्ट २००९ रोजी. आणि त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी असलेले टॅमिफ्लू हे औषध बनवण्यासाठी लागणारे शिकिमिक आम्ल मुख्यत्वे चक्रफुलातूनच काढले जाई. मग चक्रफुलाचा काढा प्यायला की फ्लू आटोक्यात यावा, नाही का? तसे होत नाही. ते का होत नाही हे समजून घ्यायचे, तर चहातल्या साखरेहून फार वेगळ्या साखरांकडे वळावे लागते.

आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे दाट जंगल असते. या साखळ्यांना फांद्या फुटतात, आणि एक साखर दुसरीला अनेक ठिकाणी, अनेक कोनांतून जोडता येते. त्यामुळे मोजक्या साखरांतून अगणित आकार घडतात. ए आणि बी या रक्तगटांतला फरक साखळीच्या टोकाशी असलेल्या एकाच साखरेचा आहे, पण चुकीचे रक्त चढवले तर तेवढा फरक जीव घेतो. फ्लूचा विषाणू आपल्या घशातल्या पेशींना धरतो तो अशाच एका साखरेला, सायलिक आम्लाला. माणसांत रुळलेला फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू यांची आवडती साखर एकच. ती पुढच्या साखरेला कोणत्या बाजूने जोडली आहे, एवढाच भेद. पेशीत वाढून बाहेर पडताना मात्र विषाणूला हीच साखर कापावी लागते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एक विकर असते. टॅमिफ्लूचा रेणू सायलिक आम्लासारखा घडवलेला आहे. तो त्या विकराच्या खाचेत जाऊन बसतो आणि कापणी थांबते. चक्रफुलातल्या आम्लाला तो आकार नाही. कारखान्यात एकामागून एक रासायनिक पायऱ्या पार पडल्यावर तो येतो. म्हणजे चक्रफूल हा कच्चा माल आहे, औषध नव्हे. संसर्गात महत्त्व साखरेच्या नेमक्या आकाराला आहे, ती पोटात गेली की नाही याला नाही.

यावर कोणी म्हणेल, जंतू साखरेलाच चिकटत असतील तर तीच साखर भरपूर घ्यावी, म्हणजे त्यांचे हात तिथेच अडकतील. तर्क चांगला आहे आणि तो तपासलाही गेला आहे. मूत्रमार्गात संसर्ग करणारा ई. कोलाय हा जिवाणू मॅनोज या साखरेला धरून राहतो, म्हणून मॅनोजची पूड जगभर विकली जाते. ब्रिटनमध्ये वारंवार असा संसर्ग होणाऱ्या ५९८ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. मॅनोज रोज घेणाऱ्या गटाला खोटी पूड घेणाऱ्या गटाहून लक्षणीय फायदा झाला नाही. परीक्षानळीत घडते ते शरीरात त्याच जागी आणि पुरेशा प्रमाणात घडेल याची हमी नसते. मंडईतल्या शेंगांतही साखर ओळखणारी प्रथिने भरपूर आहेत. अबईच्या भावकीतल्या एका वेलाच्या दाण्यांतून जेम्स समनर यांनी १९१९ साली कॉन्कॅनॅव्हलिन ए स्फटिकरूपात मिळवले, आणि ते आजही प्रयोगशाळांत साखरा ओळखायला वापरतात. राजम्यात असलेले अशाच जातीचे प्रथिन कच्चे पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. राजमा नीट उकळून खाण्याची आपली रीत शहाणपणाची, पण ती ते प्रथिन निकामी करते म्हणून.

खरा चमत्कार घडला तो जंतूंच्या स्वतःच्या साखरेत. न्यूमोनिया आणि मेंदूज्वराचे कित्येक जिवाणू साखरेचे जाड वेष्टण पांघरतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींना ते सहज गिळता येत नाहीत. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी दाखवले की शरीर न्यूमोनियाचा जंतू ओळखते ते या साखरेवरूनच. तोवर प्रथिनांनाच तो मान होता. मग नुसत्या साखरेचीच लस का नको? तीही झाली, पण दोन वर्षांखालच्या बाळांत ती चालेना आणि मोठ्यांतही तिची आठवण टिकेना. प्रतिकारशक्तीला दीर्घ स्मृती देणाऱ्या टी पेशींना प्रथिनांचे तुकडे समजतात, साखर सहसा समजत नाही. उपाय १९२९ सालीच एव्हरी आणि गोबेल यांच्या प्रयोगांत दिसला होता: साखर प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. ओळखीच्या माणसाचा हात धरून आलेल्या परक्याला घरात घेतात, तशी ती मग शरीराच्या लक्षात राहते. अशी जोडलेली, म्हणजे कॉन्ज्युगेट, लस बाळांना देण्याइतकी पक्की व्हायला मात्र १९८० चे दशक संपत आले.

पुण्याचा या कथेतला वाटा इथून सुरू होतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' गटाच्या जंतूचा मेंदूज्वर वारंवार साथ आणी. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार दगावली. श्रीमंत देशांत हा गट जवळपास नव्हताच, त्यामुळे बड्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी त्यावरच्या लशीचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा आफ्रिकी देशांनी अट घातली ती किमतीची: डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. साखर जोडण्याचे तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, धनुर्वाताचे निर्विष केलेले प्रथिन हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे होतेच, आणि लस तिथे तयार झाली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅक नावाच्या या लशीची मोठी मोहीम सुरू झाली. चाडमधल्या अभ्यासात लस दिलेल्या भागांत मेंदूज्वराचे प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की घशात जंतू वागवणारी निरोगी माणसेही जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून न टोचलेल्यांनाही आडोसा मिळाला. नुसत्या साखरेच्या लशीला हे साधले नव्हते.

महाराष्ट्रातही याच तत्त्वाची परीक्षा झाली. विषमज्वराचा जंतू 'व्हीआय' नावाच्या साखरेत गुरफटलेला असतो. हैदराबादच्या भारत बायोटेकने ती साखर धनुर्वाताच्याच प्रथिनाला जोडली, आणि २०१८ च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या लाखावर मुलांना ती लस टोचली. सरकारी यंत्रणेने अशी मोहीम राबवण्याची ही जगातली पहिलीच वेळ मानली जाते. स्वच्छ पाणी द्यायचे सोडून सुया का टोचता, हा यावरचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. नळ आणि गटारे यांना पर्याय नाही. पण ती कामे वर्षानुवर्षे चालतात, आणि प्रतिजैविकांना दाद न देणारा विषमज्वर तोवर थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. लस एका साखरेची असते, आणि जंतूंकडे साखरा अनेक. आफ्रिकेत 'ए' गट हटला, पण सी, डब्ल्यू आणि एक्स गटांच्या साथी राहिल्याच. न्यूमोनियाच्या जंतूचे तर शंभरहून अधिक प्रकार आहेत, आणि सीरमची न्यूमोसिल ही लस त्यांतल्या दहांवर आहे. लशीच्या यशाने इतर प्रकारांना वाव मिळतो, हे मान्यच करावे लागते. तरी एकूण मृत्यू घटतात, कारण घातक प्रकार सगळे सारख्या संख्येने नसतात आणि लशीसाठी निवड त्या हिशेबाने होते. या शर्यतीत पुढचे पाऊल पुन्हा पुण्यातूनच पडले. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाचही गटांच्या साखरा एकत्र असलेल्या मेनफाइव्हला जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरली. तिच्यात 'बी' गट नाही. त्या गटाच्या जंतूची साखर माणसाच्या मेंदूतल्या साखरेशी इतकी जुळते की शरीर तिला परके मानायलाच तयार होत नाही, आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालीच तर ती आपल्याच पेशींवर उलटण्याची भीती असते. म्हणून तिथे साखर बाजूला ठेवून जंतूच्या प्रथिनांपासून लस करावी लागली.