साखरेचा लेप पांढरा का होतो?

साखरेचा पाक पारदर्शक असतो. खडीसाखरेचा चांगला खडाही बराचसा पारदर्शक असतो. मग पाकात घोळवलेला चिरोटा वाळल्यावर पांढरा का दिसतो? हाच प्रश्न दक्षिण इटलीतल्या घराघरांतही विचारता येईल. तेथील पुलिया, बाझिलिकाता, कांपानिया या प्रांतांत ईस्टरच्या सुमारास ‘ताराल्ली’ नावाची कड्याच्या आकाराची गोड बिस्किटे भाजतात आणि त्यांवर साखरेचा शुभ्र, कडक लेप चढवतात. पुलियात या लेपाला ‘जिलेप्पो’ असेही नाव आहे. ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी या अर्थाचा फार्सी शब्द अरबीत ‘जुलाब’ झाला आणि पुढे इटलीत पोहोचला. ऊसही अरबांबरोबरच नवव्या-दहाव्या शतकात सिसिलीत गेला. तेव्हा हा लेप आपल्या पाकाचा दूरचा नातलगच म्हणायला हरकत नाही.

अशी लेपाची बिस्किटे घरी करणे अवघड नाही. पाव किलो मैदा, ५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, २ अंडी, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि एका लिंबाची किसलेली साल एकत्र मळावी. लहान गाठी किंवा कडी वळून १८० अंश सेल्सिअसला १२ ते १५ मिनिटे भाजावीत. इटलीत बेकिंग पावडरऐवजी पुष्कळदा अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. तापमान ६० अंशांच्या आसपास गेले, की त्याचे झपाट्याने विघटन होऊन अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. मागे काहीच उरत नाही. खाण्याच्या सोड्याचे तसे नाही. तो नुसता तापवला तर सोडियम कार्बोनेट मागे राहते आणि साबणासारखी चव येते. मात्र जाड, ओलसर केकमध्ये अमोनिया पाण्यात विरघळून आतच अडकतो. म्हणून हा पदार्थ पातळ, कोरड्या बिस्किटांनाच चालतो. आपल्याकडच्या बिस्किटांच्या पुड्यावर ५०३ हा अंक दिसला तर तो याच गटातील क्षारांचा असतो. लेपासाठी बिस्किट असे कोरडेच हवे. ओले बिस्किट लेपाला पाणी पुरवत राहते.

आता लेपाकडे वळू. तो दोन प्रकारे करतात, थंड आणि गरम.

थंड लेपात १०० ग्रॅम पिठीसाखरेत सुमारे १५ मिलिलिटर लिंबाचा रस घालून घोटतात. साखर ‘विरघळली’ असे आपण म्हणतो, पण हिशोब करून पाहू. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे इथल्या रसातल्या पाण्यात जेमतेम २५ ते ३० ग्रॅम साखर विरघळणार. उरलेली ७० ग्रॅम सूक्ष्म स्फटिकांच्या रूपात तशीच राहते. आपला लेप म्हणजे संपृक्त द्रावणात भिजलेला स्फटिकांचा चिखल आहे. पाणी उडू लागले, की विरघळलेली साखर या स्फटिकांवरच जमते आणि त्यांना एकमेकांशी जोडते. विटा आणि चुना दोन्ही साखरेचेच!

गरम लेपात साखर आणि थोडे पाणी उकळतात. इटालियन गृहिणीही पाक दोन बोटांत धरून तार येते का ते पाहते. पाक ११५ अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या गोळीबंद पाकापर्यंत नेला, तर त्यात १०० ग्रॅममागे सुमारे ८५ ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम पाणी असते. थंड झाल्यावर १५ ग्रॅम पाणी ३० ग्रॅमच साखर धरून ठेवू शकते. उरलेली ५५ ग्रॅम बाहेर पडण्याच्या तयारीत असते. हे अतिसंपृक्त द्रावण. ते ढवळले, किंवा त्यात बिस्किटे घोळवली, की असंख्य ठिकाणी एकाच वेळी स्फटिक बनू लागतात आणि पाहता पाहता पाक पांढरा होतो.

म्हणजे मार्ग वेगळे असले तरी मुक्काम जवळजवळ एकच आहे: थोड्या पाण्यात अनेक बारीक स्फटिक. अशा प्रत्येक स्फटिकाच्या पृष्ठभागावर प्रकाशाचे परावर्तन आणि अपवर्तन होते. किरण सर्व दिशांना विखुरले जातात आणि थर पांढरा दिसतो. स्फटिक ०.०२ मिलिमीटरहून लहान असतील तर ते जिभेला जाणवतही नाहीत. फार गरम पाक ढवळला तर थोडेच स्फटिक बनतात, ते मोठे होतात आणि लेप रवाळ होतो. म्हणून थंड लेपासाठी साखर वस्त्रगाळ करावी आणि गरम पाक थोडा निवल्यावरच घोटावा.

लिंबाची गंमत पाहा. गुलाबजामचा पाक साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. मग लिंबू घातलेला थंड लेप कडक कसा होतो? उकळत्या पाकात आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन होते, आणि हे परके रेणू स्फटिकांच्या वाढीत अडथळा आणतात. थंड लेपात ही क्रिया इतकी मंद असते, की तो वाळेपर्यंत तिचा परिणाम जाणवत नाही. म्हणून गरम लेपात लिंबू शेवटी घालावे. सुरुवातीलाच भरपूर घातले तर लेप चिकटच राहील.

आणखी एक अडचण हवेची. २५ अंशांना सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, की साखर वाळण्याऐवजी हवेतले पाणी ओढून घेते. जुलैमध्ये मुंबईत किंवा कोकणात ती पुष्कळदा याहून जास्त असते. त्या दिवसांत लेप लावलेली बिस्किटे ५०-६० अंशांच्या भट्टीत वाळवून, निवल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

वर्गात हा प्रयोग बिस्किटांशिवायही करता येईल. तीन काचपट्ट्या घ्या. पहिलीवर पिठीसाखर आणि पाण्याचा दाट लेप लावा. दुसरीवर गोळीबंद पाक थोडा निववून, घोटून पसरा. तिसऱ्या पट्टीसाठी पाक करताना सुरुवातीलाच अर्धे लिंबू पिळा आणि मग तसेच करा. उकळता पाक मात्र शिक्षकांनीच हाताळावा. तो त्वचेला चिकटतो आणि खोल भाजते. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांना बोट लावून पाहा, भिंगातून पाहा. कोणती पट्टी कोरडी, कोणती चिकट, कोणती रवाळ? पाहण्याआधी विद्यार्थ्यांना आपापला अंदाज वहीत लिहायला सांगा. मग खडीसाखरेचा एक पारदर्शक खडा खलात कुटून त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा: पदार्थ तोच, मग रंग कशाने बदलला?