दीर्घ मुक्कामी परदेशी व्यक्ती आणि स्थानिक बँक खात्याची आवश्यकता : थायलंडच्या संदर्भात

प्रस्तावना :
जागतिकीकरणाच्या काळात परदेशातील मुक्कामाचे स्वरूप पालटले आहे. नोकरी अथवा नागरिकत्व न स्वीकारता कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे परदेशी राहणाऱ्यांचा एक वर्ग निर्माण झाला असून त्यात निवृत्तांचाही समावेश होतो. अशा व्यक्तीने तेथील बँकेत खाते उघडणे आवश्यक आहे काय, हा प्रश्न वरवर केवळ सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात निवासाचा परवाना, करदायित्व व ठेवीची सुरक्षितता या बाबी त्याच्याशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात थायलंडच्या उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

दैनंदिन व्यवहार :
दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी खाते अनिवार्य ठरत नाही. घरभाडे रोखीने देता येते आणि विजेचे बिल किराणा दुकानांच्या साखळीतील गल्ल्यावरही भरता येते. मात्र परदेशी कार्डावर एटीएममधून रक्कम काढताना तेथील बँका प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क आकारतात; अनेक वर्षे ते सर्वसाधारणपणे २२० बाहत होते. रक्कम कितीही असली तरी हे शुल्क तेवढेच राहते. २२० बाहत शुल्क धरले, तर ५,००० बाहत काढल्यास हा भार ४.४ टक्के, तर २०,००० बाहत काढल्यास १.१ टक्के पडतो. मायदेशातील बँकेचे चलन-रूपांतर शुल्क त्याहून वेगळे असते. थोड्या काळासाठी हा खर्च सुसह्य असला तरी मुक्काम लांबेल तसा तो वाढत जातो.

निवासाचा परवाना :
खात्याची खरी निकड येथे निर्माण होते. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वय असलेल्या व्यक्तीस निवृत्तीच्या कारणास्तव वर्षभराची मुदतवाढ मिळू शकते. त्यासाठीचा एक मार्ग म्हणजे थाई बँकेत स्वतःच्या नावे ८,००,००० बाहत ठेवणे. २०१९ पासूनच्या नियमानुसार ही रक्कम अर्जापूर्वी दोन महिने व मंजुरीनंतर तीन महिने खात्यात असावी लागते. त्यानंतरही शिल्लक ४,००,००० बाहतच्या खाली जाऊ देता येत नाही. दुसरा मार्ग दरमहा ६५,००० बाहत उत्पन्नाचा आहे. पूर्वी त्यासाठी आपल्या देशाच्या दूतावासाचे पत्र पुरेसे होई. परंतु २०१९ च्या सुमारास अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांच्या दूतावासांनी अशी पत्रे देणे बंद केले. परिणामी या देशांच्या नागरिकांना दरमहा परदेशातून थाई खात्यात रक्कम आल्याचा पुरावा द्यावा लागू लागला. म्हणजेच ठेव नको म्हणून उत्पन्नाचा मार्ग पत्करणाऱ्यासही खाते टाळता येत नाही.

अडचणी व जोखीम :
केवळ पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीस खाते उघडून देण्यास अनेक शाखा नकार देतात. आर्थिक फसवणुकीसाठी इतरांच्या नावावरील खात्यांचा वापर वाढल्याने २०२३ मध्ये थायलंडने कायदा कडक केला. अशा कामासाठी आपले खाते दुसऱ्यास वापरू देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा ३,००,००० बाहतपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

ठेवीला ऑगस्ट २०२१ पासून प्रत्येक बँकेत प्रतिठेवीदार १०,००,००० बाहतपर्यंत संरक्षण आहे. परवान्यासाठीची ठेव त्या मर्यादेत बसते. परंतु खातेदाराचा मृत्यू झाल्यास वारसांना सामान्यतः थाई न्यायालयाकडून संपत्ती-प्रशासकाची नियुक्ती करून घ्यावी लागते. निवृत्तांच्या बाबतीत ही शक्यता दूरची मानता येत नाही. म्हणून तेथील मालमत्तेपुरते स्वतंत्र मृत्युपत्र करणे हिताचे ठरते.

कराचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. कॅलेंडर वर्षात १८० दिवस वा अधिक काळ राहणारी व्यक्ती थायलंडची कर-निवासी ठरते. अशा व्यक्तीने १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणल्यास ते करपात्र ठरू शकते. त्यामुळे खात्यात भरलेली रक्कम जुन्या बचतीतील आहे की नव्या उत्पन्नातील, याची कागदपत्रे जपणे आवश्यक आहे.

भारतीय निवासी व्यक्तीची जबाबदारी :
भारतातून जाणाऱ्यांस दोन्ही देशांचे नियम पाळावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेखाली निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते व तेथे खातेही उघडता येते. मात्र आयकराच्या दृष्टीने सामान्य निवासी असलेल्या व्यक्तीने विवरणपत्रात हे खाते दाखवणे बंधनकारक आहे. खात्यावर व्याज मिळाले नाही, म्हणून या कर्तव्यातून सुटका होत नाही.

निष्कर्ष :
१. स्थानिक खात्याची आवश्यकता मुक्कामाच्या दिवसांपेक्षा निवासाच्या कायदेशीर प्रकारावर अधिक अवलंबून असते.
२. अल्पकाळ राहणाऱ्या पर्यटकास कार्ड व रोख रक्कम पुरेशी आहे. निवृत्तीच्या परवान्यावर राहणाऱ्यास मात्र खाते ही निवासाची पूर्वअट ठरते.
३. परवान्यासाठीची ठेव खर्चाला उपलब्ध नसते. आजारपण व परतीच्या प्रवासासाठी वेगळी तरतूद न करता सर्व बचत त्या खात्यात अडकवणे धोक्याचे आहे. अशी तरतूद शक्य नसेल, तर दीर्घ मुक्कामाच्या निर्णयाचाच पुनर्विचार होणे इष्ट आहे.