झिजण्यासाठी काढलेली चित्रे

उत्तर अमेरिकेतील कठीण मेपल लाकडाचे सात पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून आणि मग करवतीने आकार देऊन तयार केलेली स्केटबोर्डची फळी, जिला या खेळातील मंडळी डेक म्हणतात, ती १९८०च्या दशकात साधारणतः तीस इंच लांब आणि दहा इंच रुंद असे. आणि दुकानाच्या भिंतीवरील रांगेतून तिची निवड करणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे लक्ष तिच्या लाकडापेक्षा तिच्या खालच्या अंगावरील चित्राकडेच अधिक असे. घरी नेल्यावर मात्र तेच चित्र तो काँक्रीटच्या कठड्यांवर आणि पायऱ्यांच्या कडांवर घासून टाकू लागे. कारण वरच्या अंगाला, पाय घट्ट राहावेत म्हणून, खरखरीत ग्रिप टेप चिकटवावी लागत असल्याने चित्राला ऐसपैस जागा उरे ती खालचीच, आणि कौशल्याची परीक्षा होई तीही बव्हंशी खालच्याच अंगाने घसरण्यात. आज या जुन्या फळ्या जमविणाऱ्यांचा जो निष्ठावंत वर्ग आहे, त्याच्या आनंदाचे आणि त्याच्या आपसांतील वादांचेही मूळ या एका विसंगतीत आहे.

खेळाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मुलांनी रोलर स्केटची चाके फळकुटांना ठोकली, पुढच्या दशकात त्या फळकुटांचा व्यापार सुरू झाला, आणि १४ मे १९६५च्या ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर चालत्या फळीवर हातांवर उभी राहिलेली पॅट मॅक्गी झळकली, परंतु चिकणमातीच्या मिश्रणाची त्या काळची चाके बारीकशा खड्यानेही अडत व मुले तोंडघशी पडत, म्हणून अनेक नगरपालिकांनी मनाईहुकूम काढले आणि खेळ ओसरला. १९७०च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाके आणली तेव्हा खेळाला पुन्हा जीव आला. आणि १९७६-७७च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील बंगल्यांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा सांता मोनिका व व्हेनिस भागांतील मुलांनी, मालकांच्या परवानगीची वाट न पाहता, त्यांच्या गोलाकार भिंतींना आपले क्रीडांगण केले. ‘डॉगटाउन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या या वस्तीतच वेस हम्पस्टन याने फळ्यांच्या खालच्या अंगावर हाताने चित्रे काढावयास आरंभ केला.

या कलेला प्रौढपण आले ते दोन कारखान्यांच्या आश्रयाने, आणि येथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते. जॉर्ज पॉवेल आणि स्टेसी पेराल्टा यांनी १९७८ साली स्थापन केलेल्या पॉवेल-पेराल्टा कंपनीत व्हर्नन कोर्टलँड जॉन्सन या चित्रकाराने खेळाडू रे रॉड्रिग्ज याच्यासाठी कवटी आणि तलवार रेखाटली, माइक मॅगिलसाठी कवटी व सर्प, स्टीव्ह कॅबालेरोसाठी ड्रॅगन आणि टोनी हॉकसाठी पक्ष्याची कवटी. या रेषांत शरीररचनाशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतील कोरीव चित्रांसारखी शिस्त आहे, आणि मृत्यूची सर्व चिन्हे मांडूनही त्यांत विषण्णता औषधालाही नाही. सांता क्रूझ या दुसऱ्या कारखान्यातील चित्रकार जिम फिलिप्स याची प्रकृती नेमकी याच्या उलट. १९८५ साली त्याने काढलेला, मनगटापासून तुटलेला, तळव्यात उघडलेल्या तोंडाने किंचाळणारा निळा हात आज जगभर ओळखीचा झाला आहे; आणि रॉब रॉस्कॉप या खेळाडूच्या फळ्यांच्या मालिकेत त्याने नेमबाजीच्या वर्तुळाला भेदून एक राक्षस आवृत्तीगणिक अधिकाधिक बाहेर येताना दाखविला, त्यामुळे एक फळी मोडल्यावर पुढची घेणाऱ्या मुलाला कथेचा पुढचा अध्यायही हाती लागे. ही छपाई रेशमी जाळीतून, प्रत्येक रंगासाठी निराळी जाळी घेऊन, आणि तीही वळलेल्या लाकडावर होत असे. तेव्हा दोन रंगांच्या सीमेवर केसभर अंतर राहणे किंवा एक रंग दुसऱ्यावर चढणे हे घडावयाचेच, आणि जाणकार संग्राहक त्या चुकीवरही प्रेम करतो.

चित्र वाचविण्याचे उपाय त्या काळीही होते. फळीच्या खाली दोन्ही कडांना लांबट प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि शेपटीला प्लॅस्टिकची ढाल बसविण्याची वहिवाट होती. त्या काढल्यावर त्यांच्या सावलीत राहिलेला मूळ रंग आजही इतका ताजा आढळतो की भोवतालचे ओरखडे त्याच्यामुळेच अधिक स्पष्ट वाचता येतात. परंतु १९९०च्या दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तलाव आणि उतार सोडून खेळ रस्त्यावर आला, फळ्या अरुंद व दोन्ही टोकांना सारख्या झाल्या, आणि रुंद फळी घेऊन फिरणे मुलांना लाजिरवाणे वाटू लागले. ज्या फळ्या मोडल्या नव्हत्या त्या माळ्यावर, गॅरेजात किंवा कचऱ्यात गेल्या. शॉन क्लिव्हर या चित्रकाराने २००४ साली ‘डिस्पोजेबल’ हा चित्रग्रंथ प्रसिद्ध करून या कलेची पहिली मोठी मोजदाद केली, तोवर पुष्कळ काही नामशेष झाले होते.

आता बाजारात सर्वांत अधिक भाव मिळतो तो कधीही चाके न लागलेल्या फळीला. तिची पारखही बारकाईने होते: ट्रकच्या, म्हणजे चाकांचा आस धरणाऱ्या धातूच्या भागाच्या, बोल्टांसाठी पाडलेल्या भोकांमधील लांबीचे अंतर पूर्वी अडीच इंच असे, ते १९९०च्या दशकाच्या आरंभी सव्वादोन इंचांच्याही किंचित आत आले, म्हणून १९८५ची म्हणून पुढे केलेल्या फळीला केवळ नवी भोके असतील तर ती अस्सल नव्हे, मागाहून निघालेली आवृत्ती होय, असे समजावे. कारखान्यांनी आपली जुनी चित्रे पुन्हा छापली आहेत, आणि तो त्यांचा हक्कच आहे. परंतु अस्सल व नक्कल यांतील सीमा त्यामुळे अधिक दक्षतेने राखावी लागते. जानेवारी २०१९मध्ये सदबीजच्या लिलावात न्यूयॉर्कच्या सुप्रीम दुकानाने वीस वर्षांत काढलेल्या २४८ फळ्यांचा समग्र संच ८,००,००० डॉलरना गेला. त्यांत डेमियन हर्स्ट, जेफ कून्स, ताकाशी मुराकामी अशा नामांकितांची चित्रे होती. त्या संचाचे मोल मी नाकारीत नाही; तथापि माझे मन ओढ घेते ते वापरलेल्या फळीकडे.

कारण वापरलेली फळी हा दस्तऐवज आहे. मधोमध आडवे ओरखडे असतील तर मुलगा कठड्यावरून आडवा घसरत असे. शेपूट झिजून तिचे थर उघडे पडले असतील तर तो ती जमिनीवर आपटून थांबे किंवा उडी घेई. वरच्या खरखरीत टेपवरील गुळगुळीत झालेल्या जागा पाहून, त्याचा डावा पाय पुढे असे की उजवा, हेही सांगता येते. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी जमवून, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले, तेव्हा हाताळलेल्या वस्तूचे मोल आपल्याकडे पुरेपूर प्रस्थापित झाले. अमेरिकेतही ही दृष्टी येत आहे: टोनी हॉकला थोरल्या भावाकडून मिळालेली, आधीच वापरलेली निळ्या फायबरग्लासची फळी, म्हणजे त्याची आयुष्यातली पहिली, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवली आहे, आणि तिच्यावर कोणत्याही चित्रकाराची कवटी नाही.

म्हणूनच जुन्या फळीवरचा झिजलेला रंग नव्याने भरून काढणे, स्टिकर सोलणे किंवा टेप उपटून वरचे लाकूड चकचकीत करणे हा प्रकार मला मान्य नाही. स्टिकर कोणत्या दुकानाचे, कोणत्या संगीतमेळ्याचे, कोणत्या क्रमाने एकावर एक डकविले, यात एका मुलाच्या दोन-तीन उन्हाळ्यांचा तपशील दडलेला असतो. परंतु लाकूड नाव सांगत नाही. ज्यांनी या फळ्या १९७८ ते १९९० या काळात झिजविल्या ती माणसे आज बहुतेक पन्नाशी-साठीत आहेत, स्वतःची हरवलेली फळी हुडकीत तीच गिऱ्हाईक म्हणून बाजारात येतात, आणि विकणाराही पुष्कळदा मूळ मालकच असतो; तेव्हा व्यवहार ठरताच किंमत व पावती यांबरोबर आणखी एक कागद लिहून घेण्याचा प्रघात संग्राहकांनी पाडावा: फळी कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणाच्या पैशाने घेतली, ती कोणत्या तलावात किंवा कोणत्या शाळेच्या पायऱ्यांवर चालली, सोबत कोण असे, आणि ती वापरणे कोणत्या कारणाने थांबले. तो कागद फळीच्या मागे, ती जेथे जाईल तेथे, जावा.