गाडीचा ‘पिकअप’ अचानक जातो तेव्हा

भर उन्हाळ्यात, माणसांनी भरलेली एक पेट्रोल मोटार वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढत आहे अशी कल्पना करा. वाईपर्यंत तिची काहीच तक्रार नव्हती. तीन-चार वळणे चढल्यावर मात्र ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती पिकअप घेत नाही. वेग उतरत जातो. कडेला थांबून पाहावे, तर इंजिन जागच्या जागी सुरळीत चालू! दहा-पंधरा मिनिटांनी निघावे, तर गाडी पुन्हा चांगली पळते. आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच.

अशा गाडीचे गॅरेजमध्ये पुष्कळदा आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पंप. पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. वास्तविक हत्यार हाती घेण्याआधीच दोषाची जागा बऱ्याच अंशी विचाराने ठरवता येते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अज्ञात क्षार ओळखताना आपण एकेका परीक्षेने शक्यतांचा एकेक गट वगळत जातो. इथेही रीत तीच आहे.

आधी जीव, मग निदान

रस्त्यावर शक्ती गेल्यास पहिले काम निदानाचे नव्हे, तर गाडी सुरक्षितपणे डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावण्याचे असते. बहुतेक पेट्रोल मोटारींत ब्रेकला इंजिनातील निर्वाताची मदत असते. इंजिन पूर्ण बंद पडले, तर साठलेला निर्वात ब्रेकच्या एक-दोन दाबांपुरताच पुरतो. त्यानंतर ब्रेक लागतो, पण पायाला बराच जोर लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नये, आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण किल्लीच्या गाडीत त्यामुळे स्टिअरिंगला कुलूप लागू शकते. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल किंवा तेलाचा दिवा लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोल इंजिनाला चार गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल, योग्य क्षणी ठिणगी आणि जळलेल्या वायूंना बाहेर पडायला मोकळी वाट. १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. या चारांपैकी एक जरी कमी पडली तरी शक्ती घटते. प्रश्न एवढाच, की कमी पडली कोणती?

उंचीवर हवा विरळ असते, हे खरे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे शक्ती थोडी घटते, पण ती हळूहळू, चढावाबरोबर. एका वळणावर अचानक गेलेल्या शक्तीचे कारण उंची असू शकत नाही. एक शक्यता गळाली.

‘केव्हा’ हा सर्वांत उपयोगी प्रश्न

आता थोडे गणित करू. माणसांसह १,२०० किलोग्रॅमची मोटार १२ मीटरला १ मीटर असा चढ ताशी ४५ किलोमीटर वेगाने चढत आहे. म्हणजे दर सेकंदाला ती सुमारे १ मीटर वर उचलली जाते. त्यासाठी १,२०० × ९.८ × १, म्हणजे जवळजवळ १२ किलोवॉट शक्ती हवी. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांसाठी आणखी ३ किलोवॉट धरू, एकूण १५. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर पेट्रोलमधून ६० किलोवॉट मिळाले पाहिजेत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे तासाला पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. जागेवर चालणाऱ्या इंजिनाला तासाला एक लिटरही लागत नाही.

घाटात पेट्रोलची गरज अशी सातपटीहून अधिक होते. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाला बसल्या जागी काही जाणवत नाही. जिना चढताना मात्र तोंड उघडावे लागते. पेट्रोलचा फिल्टर अर्धवट तुंबलेला असेल किंवा पंप अशक्त झाला असेल, तर नेमके हेच घडते. जागेवर पुरेसे असणारे पेट्रोल चढावर अपुरे पडते.

याच्या उलट दोष हवेच्या गळतीचा. इंजिनाच्या हवानलिकेची एखादी रबरी नळी चिरली, की तिथून जास्तीची हवा आत शिरते. जागेवर इंजिन फारच थोडी हवा घेत असते आणि नलिकेतील निर्वात तेव्हाच सर्वांत जास्त असतो. त्यामुळे गळतीचा परिणाम जागेवर ठळक दिसतो : इंजिन थरथरते, बंदही पडते. चढावर हजारो लिटर हवा आत जात असताना ती गळती नगण्य ठरते.

या दोन्ही दोषांत मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. म्हणून नव्या गाडीचा संगणक दोन्हींसाठी ‘पी ०१७१’ हा एकच संकेतांक दाखवू शकतो. संकेतांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो. हिवताप की टायफॉइड हे नाही. दोष ‘केव्हा’ दिसतो हे विचारले, की दोन्ही कारणे वेगळी होतात.

उरलेल्या शक्यता

ठिणगीचा दोष बहुधा झटक्यांनी प्रकट होतो. गाडी ‘मिसिंग’ करते, हिसके देते. एखादी कॉइल किंवा इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा संवेदक तापल्यावर काम सोडतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू होतो. चाके फिरत असताना आणि गाडी गियरमध्ये असताना फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर आला, तर संशय या संवेदकावर घ्यावा.

बाहेर जाण्याची वाट तुंबली तरी गाडी जागेवर ठीक चालते आणि चढावर हरते. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या उत्प्रेरक परिवर्तकात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल तिथे जाऊन जळते आणि जाळी वितळून वाट बंद होते. अशा वेळी नुसता परिवर्तक बदलला आणि प्लगचा दोष तसाच ठेवला, तर नवा परिवर्तकही वाया जातो. मात्र हा अडथळा विश्रांतीने सहसा सुटत नाही. आपली गाडी पंधरा मिनिटांत सुधारते. म्हणून ही शक्यता मागे पडते.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत आणखी एक कारण असे. इंजिनाशेजारच्या गरम पंपात पेट्रोलची वाफ होई, आणि पंप द्रवाऐवजी वाफच ओढत बसे. पंपावर ओले फडके ठेवले की गाडी चालू लागे. हा उपाय खरे तर एक प्रयोगच होता : फक्त एक गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा.

निकाल कसा लावायचा?

आपल्या गाडीपुरते आता दोन संशयित मुख्य उरले : पेट्रोलचा अपुरा पुरवठा आणि तापल्यावर बिघडणारा विजेचा भाग. विश्रांतीने दोन्ही सुधारू शकतात. पंपाच्या तोंडाशी ओढला गेलेला कचरा ओढ थांबली की खाली बसतो, आणि तापलेली कॉइल निवते. आपल्या गाडीत हिसके नाहीत, वेग हळूहळू उतरतो. त्यामुळे पारडे पेट्रोलकडे झुकते, पण एवढ्याने सिद्ध होत नाही.

सिद्ध करण्यासाठी जाणत्या मेकॅनिककडून पेट्रोलच्या नळीला दाबमापक जोडून घ्यावा आणि गाडी चढावर चालवून पाहावी. शक्ती जाते त्याच वेळी दाबही पडला, तर दोष टाकी, पंप, फिल्टर या वाटेवर आहे. दाब स्थिर राहिला, तर पेट्रोल निर्दोष. गॅरेजच्या दारात, जागेवर चालणाऱ्या इंजिनावर मोजलेला योग्य दाब इथे पुरावा ठरत नाही. कारण जागेवर गाडी बिघडलेली नसतेच. मोजमाप लक्षण हजर असतानाच करायला हवे.

वर्गासाठी

वर्गात दोन सारख्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या बुडाजवळ सारखे भोक पाडून त्यांत एकेक नळी बसवावी. एका नळीत कापसाचा सैल बोळा घालावा. दोन्ही बाटल्या काठोकाठ भराव्यात. नळ्या चिमटीत दाबून धार बारीक ठेवली, तर दोन्हींतील फरक फारसा कळत नाही. चिमटी पूर्ण सोडली की तो उघड होतो. कापसाची नळी कोणती, हे न पाहता ओळखण्यासाठी कोणती धार उपयोगी, असे विद्यार्थ्यांना विचारावे. कोणती परीक्षा दोन शक्यतांना वेगळे करील आणि कोणती करणार नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले, की निदान म्हणजे काय ते त्यांना समजले असे मानायला हरकत नाही.