गौरीचा स्टँड तोच, मुखवटा नवा

पोरं मोबाइलवर ‘पबजी’ लावून बसली की घरोघरी आयांचा पट्टा सुरू होतो, हे काही नवीन नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली, तेव्हा कितीतरी जणींनी ‘सुटलो बाई एकदाचे’ म्हटलं असेल. पुढच्याच वर्षी तोच खेळ भारतासाठी वेगळं नाव घेऊन परत आला, ही गोष्ट निराळी! पण मैत्रिणींनो, हा पबजी मुळात आला कुठून, ते ठाऊक आहे? ब्रेंडन ग्रीन नावाच्या एका आयरिश माणसानं ‘आर्मा २’ हा दुसऱ्यांनी बनवलेला सैनिकी खेळ घेतला आणि हौसेनं त्यात बदल केले. शेवटी एकच जण उरेल तोवर लढायचं, ही त्याची कल्पना २०१३ मधली. मग दक्षिण कोरियातल्या एका कंपनीनं त्याला बोलावून घेतलं आणि २०१७ मध्ये पबजी बाजारात आला. तयार खेळात असे बदल करण्याला ‘मॉड’ म्हणतात.

हे सगळं मी शोधत बसले त्याला कारण माझी लेक. ती बारावीला आहे. एके दिवशी जेवताना म्हणाली, “आई, मला गेम बनवायला शिकायचंय. पुण्याला कोर्स आहे.” हे म्हणाले, “गोळ्या झाडायचे खेळ बनवणार? त्यापेक्षा डी.एड. कर.” सासूबाईंनी तर ताटावरून मानच वर केली नाही. माझी एक सवय आहे. माहिती काढल्याशिवाय ‘हो’ही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही. “चार महिने थांब,” तिला म्हटलं, “आधी मला समजून घेऊ दे.”

समजून घ्यायला लागले तर पार १९९३ पर्यंत मागे जावं लागलं. त्या वर्षी १० डिसेंबरला अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ‘इड सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीनं ‘डूम’ नावाचा खेळ आणला. हातात बंदूक, समोर राक्षस, आणि सगळं जणू आपल्याच डोळ्यांतून दिसतंय असं. पहिला भाग फुकट होता. आवडला तर पुढचे भाग विकत घ्या! जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो ही त्यातली दोन मोठी नावं. आधीच्या ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या खेळात लोकांनी परस्पर चित्रं बदलून गमतीजमती केल्या होत्या. दुसरी कंपनी चिडली असती. कारमॅकनं मात्र ‘डूम’ रचतानाच खेळ चालवणारं यंत्र एकीकडे आणि त्यातले नकाशे, चित्रं, आवाज दुसरीकडे, वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. या फाइलला ‘वॅड’ म्हणतात.

मला हे काही केल्या कळेना. मग लेकीनंच समजावलं, “आई, आपल्या गौरी असतात ना, तसं. लोखंडी स्टँड तोच. दरवर्षी साडी वेगळी, दागिने वेगळे. शेजारच्या काकूंकडे मुखवटेही वेगळे. पण आतला स्टँड कुणी नव्यानं बनवत नाही.” एका वाक्यात डोक्यात प्रकाश पडला!

१९९४ च्या सुरुवातीलाच न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबर या विद्यार्थ्यानं डूमचे नकाशे बनवायचं साधन तयार केलं आणि फुकट वाटलं. मग काय, जगभरची पोरं रात्ररात्र जागून स्वत:चे महाल, भुयारं, बोळ बनवायला लागली. त्याच वर्षी जस्टिन फिशर यानं तर ‘एलियन्स’ सिनेमावरून सगळा खेळच बदलून टाकला. १९९६ मध्ये अमेरिकेत एका न्याहारीच्या खोक्यात खेळाची सीडी फुकट मिळायची. खेळाचं नाव ‘चेक्स क्वेस्ट’. आतला स्टँड डूमचाच, पण रक्त नाही, मरण नाही. हातातलं यंत्र शेंबड्या प्राण्यांवर रोखायचं आणि त्यांना त्यांच्या घरी परत पाठवायचं, इतकंच! म्हणजे बंदुकीचा खेळ पोरांच्या न्याहारीला चालेल असाही करता येतो तर.

१९९६ च्या जूनमध्ये याच कंपनीचा ‘क्वेक’ आला. त्यासोबत कारमॅकनं खेळाचे नियम बदलता येतील अशी एक छोटी भाषाही देऊन टाकली. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयन कॉफली या तीन तरुणांनी त्यातून ‘टीम फोर्ट्रेस’ बनवला. त्यात नऊ तऱ्हेची पात्रं. कुणी टेहळणी करणारा, कुणी हेर, तर कुणी जखमींवर उपचार करणारा. एकट्यानं सगळ्यांना मारत सुटायच्या खेळात मदत करणारा माणूस आला, हे मला फार आवडलं.

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ’ आला. त्याच्यावर बेतून मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन विद्यार्थ्यांनी १९९९ च्या जूनमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ मोफत वाटायला सुरुवात केली. मिन्ह ले मूळचा व्हिएतनामचा, कॅनडात वाढलेला. पुढं व्हॉल्व्हनं खेळही घेतला आणि या दोघांना नोकरीही दिली. २०००च्या नोव्हेंबरमध्ये तो दुकानात विकायला आला. काउंटर-स्ट्राइक म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींचे भाऊ, दीर हसतील! २००० नंतर आपल्याकडच्या सायबर कॅफेंत हाच खेळ धडाक्यात चालायचा. माझा मामेभाऊ क्लासला म्हणून निघायचा आणि सायबर कॅफेत सापडायचा. मामी दारात उभी राहून हाका मारायची, तेव्हा सगळी पोरं एकदम हेडफोन काढायची.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. या सगळ्यात बायका कुठं होत्या? ‘क्वेक’मध्ये खेळाडूला एकच देह होता, पुरुष सैनिकाचा. तेव्हा खेळणाऱ्यांनी स्वत:च बाईचे देह, बाईचे चेहरे बनवून खेळात घातले. बायकांचे स्वतंत्र संघ उभे राहिले. पुढं १९९७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘क्वेक २’ मध्ये कंपनीनंच बाईचं पात्र दिलं. त्याच १९९७ मध्ये स्टीव्ही केस या तरुणीनं क्वेकच्या लढतीत खुद्द जॉन रोमेरोला हरवलं! पुढं ती त्याच्याच नव्या कंपनीत खेळाचे नकाशे रचायला लागली. १९९९ मध्ये ॲन-मरी श्लायनर या कलावतीनं अशा बदलांचं प्रदर्शन इंटरनेटवर मांडलं आणि ही कला आहे, असं ठणकावून सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला टोचली. मॉड बनवणाऱ्या बहुतेकांना दमडी मिळाली नाही. मॉड फुकट, पण तो खेळायला मूळ खेळ विकत घ्यावा लागायचा. म्हणजे राबायचं हौशी पोरांनी आणि खप वाढायचा कंपनीचा! हौसेनं केलेल्या कामाला मोल नसतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? मी लेकीला एवढंच सांगितलं, “शिकताना फुकट कर. पण आपल्या कामाला किंमत असते, हे विसरू नकोस.”

आणि हिंसेचं काय? २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला. त्यातला एक डूमचे नकाशे बनवायचा. तेव्हापासून हा वाद पेटलेला आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की, हिंसक खेळांमुळे माणूस खरोखरीचा हिंसाचार करतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी मात्र थोडा संबंध दिसतो. म्हणजे डोळे मिटून बसायचं नाही आणि घाबरूनही जायचं नाही. खेळ हाताबाहेर जाणं हा आजारही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. अभ्यास, झोप, जेवण सगळं सुटलं आणि हे महिनोन्‌महिने चाललं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

चार महिन्यांत लेकीनं काय केलं? डूमचं ते आतलं यंत्र कंपनीनं १९९७ च्या डिसेंबरमध्ये सर्वांसाठी खुलं केलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. तिनं फुकट मिळणारं साधन घेऊन आमच्या आजोळचा वाडा बनवला. चौक, माजघर, अंधारी बाळंतिणीची खोली, सगळं! सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “तुळशीवृंदावन डावीकडं हवं.” तिनं तिथल्या तिथं हलवलं. ह्यांचं अजून पुरतं पटलेलं नाही. पण परवा पुण्याच्या कोर्सची फी किती, ते त्यांनी स्वत:हून विचारलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पोरगं खेळत बसलं की नुसता मोबाइल हिसकावू नका. खेळाच्या माहितीत वयाचा आकडा असतो, तो आधी वाचा. काउंटर-स्ट्राइकला अमेरिकेत १७ वर्षांवरचा शिक्का होता. खेळायची वेळ ठरवून द्या. आणि जवळ बसून एक प्रश्न विचारा, “यात तुला काय बदलावंसं वाटतं?” कुणी म्हणेल, “काही नाही.” पण एखादी म्हणेल, “हा रस्ता इकडून काढला असता, इथं एक बाई उभी केली असती.” तसं उत्तर आलं, तर तिला वही-पेन्सिल द्या आणि पहिला नकाशा कागदावर काढायला बसवा. त्याला कॉम्प्युटर लागत नाही.